पिकअपचे स्पार्क प्लग लवकर जातात? नवा संच घेण्याआधी या चुका टाळा

सातारा-सांगली पट्ट्यात पेट्रोल-सीएनजीवरच्या छोट्या पिकअप आता गावोगाव दिसतात. तासगाव-कवठेमहांकाळची द्राक्षं, वाईची भाजी, सांगलीच्या मार्केट यार्डातली हळद, पाटण खोऱ्यात जाणारं सिमेंट, सगळं त्यांच्यावरच चालतं. गाडी घेतली की तिच्यावर कामही लगेच सुरू होतं. पाटे वाढवायचे, हौद्याला उंच जाळी मारायची, एक नंबर मोठे टायर टाकायचे, सायलेन्सर मोकळा करायचा, गाडी नुसती पेट्रोलची असेल तर बाहेरून सीएनजी किट बसवायचं. आणि मग सात-आठ हजार किलोमीटरच्या आत गाडी चढाला मिसिंग मारायला लागते, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटत नाही आणि गाडी झटके देते. प्लग बदलले की थोडे दिवस बरी चालते, पुन्हा तीच रड.

प्लग असा लवकर जातो तेव्हा दोष बहुतेक वेळा प्लगचा नसतो. गाडीत केलेल्या बदलामुळे हवा-इंधनाचं मिश्रण, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), करंट किंवा उष्णता यांपैकी काहीतरी बिघडलेलं असतं आणि त्याची खूण प्लगच्या टोकावर सगळ्यात आधी उमटते. ती खूण न वाचता प्लग भंगारात टाकला, तर पुढचा संचही तेवढ्याच किलोमीटरमध्ये जाणार.

डिझेल पिकअपला स्पार्क प्लग नसतो. तिथला ग्लो प्लग मुख्यतः थंड इंजिन सुरू करायला मदत करतो, त्याचे आजार वेगळे. हा लेख पेट्रोल आणि सीएनजीच्या गाड्यांपुरता आहे.

जुने प्लग एकत्र टाकू नका

गॅरेजमध्ये सर्रास होणारी चूक ही. प्लग काढले, ट्रेमध्ये ओतले, पेट्रोलने धुतले आणि मग विचारायचं, काय झालं असेल? पुरावा तिथेच धुऊन गेला. इंजिन गार झाल्यावर प्लगभोवतीची धूळ हवेने उडवा, एकेक प्लग काढा आणि सिलिंडरच्या क्रमाने वर्तमानपत्रावर ओळीत ठेवा. कागदावर 1, 2, 3, 4 लिहा. मोबाईलवर जवळून फोटो काढा, टोकाचा आणि बाजूचाही. गॅप, म्हणजे प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर, फिलर गेजने मोजून आकडा तिथेच लिहा.

आता निवांत बघा. चारही प्लग सारखेच खराब असतील तर कारण सगळ्या इंजिनला लागू होणारं आहे: मिश्रण, टायमिंग, चुकीचा प्लग, जास्तीचा लोड. एकच प्लग वेगळा असेल तर त्या सिलिंडरमध्ये शिरा: त्याचं इंजेक्टर, कॉइल, व्हॉल्व्ह, रिंग किंवा हेड गॅस्केट. एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ आणि रेडिएटरचं पाणी हळूहळू कमी होतंय, असं असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या.

काही गाड्यांत दोन सिलिंडरमागे एकच कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) असते, 1-4 ची एक आणि 2-3 ची एक. तिथे जोडीतल्या एका प्लगमध्ये ठिणगी मधल्या टोकाकडून बाहेरच्या टोकाकडे जाते आणि दुसऱ्यात उलटी. त्यामुळे एकाचं मधलं टोक जास्त झिजतं, दुसऱ्याचं बाहेरचं वाकडं टोक. चारपैकी दोन प्लग असे आणि दोन तसे झिजलेले दिसले तर तो बिघाड मानू नका, ती त्या रचनेची नेहमीची झीज आहे. शिवाय अशा कॉइलवर प्रत्येक प्लग दुप्पट वेळा पेटतो, म्हणून तो लवकर झिजतो. अशा गाडीत फक्त मधल्या टोकाला प्लॅटिनम असलेला प्लग टाकून पैसे वसूल होत नाहीत. दोन्ही टोकांना कठीण धातू असलेलाच घ्यावा.

गॅसवर चालवायची गाडी, गॅप मात्र पेट्रोलची

बाहेरून किट बसवलेल्या गाड्यांत मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट ही. किटवाला टाकी बसवतो, पाइप ओढतो, स्विच लावतो आणि प्लगला हातही लावत नाही.

सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, आणि लोडवर सिलिंडरमधला दाब वाढला की ते आणखी वाढतं. गॅप जितकी मोठी तितकं व्होल्टेज जास्त. पेट्रोलवर 1.0 ते 1.1 मिमी गॅप सुखाने चालते, पण गॅसवर त्याच इंजिनला साधारण 0.7 ते 0.8 मिमी मानवते. कंपनीफिटेड सीएनजी गाडी असेल तर मॅन्युअलमधला आकडाच पाळा, अंदाज नको. गॅप मोठी राहिली की जास्तीच्या व्होल्टेजमुळे टोकं भराभर झिजतात, झिजली की गॅप आणखी वाढते, आणि एक दिवस ठिणगी टोकावर पडायचं सोडून बाहेरून पांढऱ्या चिनी मातीवरून खाली उतरते. तिथे उभी काळी रेघ पडते, प्लगच्या रबरी टोपीच्या आतही तशीच रेघ दिसते. अशी टोपी किंवा एचटी वायर (कॉइलपासून प्लगला येणारी जाड वायर) तशीच ठेवून नुसता प्लग बदलला, तर नव्या प्लगवरही लवकरच तीच रेघ येते. कॉइलही त्यातच जाते.

मात्र चिनी मातीवर लोखंडी भागाच्या अगदी वर तपकिरी धूसर पट्टा दिसला तर घाबरू नका. जास्त व्होल्टेजमुळे हवेतले तेलकट कण तिथे चिकटतात. बरेच मिस्त्री ‘गॅस लीक आहे’ म्हणून चांगला प्लग टाकून देतात. रेघ आणि पट्टा यांतला फरक ओळखा.

एक सोपी परीक्षा. चढाला मिसिंग आलं की गॅसवरून पेट्रोलवर या. पेट्रोलवर लगेच सुरळीत झाली तर अशक्त ठिणगी किंवा गॅसचं मिश्रण, या दोघांपैकी एक. पेट्रोल अशक्त ठिणगीवरही पेटून जातं, म्हणून ‘पेट्रोलवर ओके आहे, म्हणजे कॉइल ओके आहे’ हा निष्कर्ष काढू नका. दोन्हींवर मिसिंग असेल तर प्लग आणि कॉइल दुसऱ्या सिलिंडरला अदलाबदल करून बघा. बिघाड त्यांच्याबरोबर सरकला तर चोर सापडला.

नुसत्या रंगावरून निदान

‘पांढरा म्हणजे गरम, काळा म्हणजे जास्त पेट्रोल’ हे पाठांतर पेट्रोलपुरतं बरं आहे. गॅसवरचा प्लग मुळातच फिका, राखाडीकडे झुकणारा दिसतो. गॅसमध्ये काजळी कमी असते. तेव्हा पांढरा दिसला म्हणून लगेच गॅस वाढवू नका. चिनी मातीच्या नाकावर फोड, चकाकी किंवा वितळलेल्या कडा आहेत का ते भिंगाने बघा. त्या असतील तर उष्णता खरीच हाताबाहेर गेली आहे.

त्याच नाकावर मिरपूड शिंपडल्यासारखे बारीक करडे-चंदेरी ठिपके दिसले तर काम तातडीचं आहे. इंजिनात नॉकिंग होतंय, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप भडकतंय, आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम सुटतंय. सीएनजी सहसा नॉकिंग करत नाही, त्याची ती ताकदच आहे. म्हणून गॅसच्या गाडीत हे ठिपके दिसले की मी आधी पेट्रोलवरचा प्रवास तपासायला सांगतो. किटबरोबर टायमिंग पुढे घेणारा प्रोसेसर बसवलेला असेल आणि गॅस संपल्यावरही तो टायमिंग पुढेच ठेवत असेल, तर घाटात पेट्रोलवर इंजिन टकटक करणारच.

काळ्या प्लगची कारणं दोन जातींची. कोरडी काजळी असेल तर मिश्रण घट्ट आहे, म्हणजे इंधन जास्त. ओलं, चकचकीत काळं असेल तर ऑइल वर येतंय, रिंग किंवा व्हॉल्व्ह सील तपासा. प्लगच्या खड्ड्यात वरून ऑइल साचलं असेल तर ती गोष्ट वेगळी. टॅपेट कव्हरचं सील गळतंय, इंजिन ऑइल जाळत नाही. पण ते ऑइल रबरी टोपीला मऊ करतं आणि ठिणगी बाहेर फुटते, म्हणून सील बदलाच.

मिश्रणाचा खरा पुरावा स्कॅनरवर मिळतो. इंजिन गरम करून, एकाच आरपीएमवर, आधी पेट्रोल आणि मग गॅसवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे गाडीचा संगणक इंधन किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा. दोन्हींवर उणे-अधिक 10 टक्क्यांच्या आत आणि एकमेकांच्या जवळ असावी. गॅसवर आकडा वर पळाला तर गॅस कमी पडतोय: रिड्यूसरचा (टाकीतल्या गॅसचा दाब कमी करणारा भाग) दाब, गॅस फिल्टर, इंजेक्टर, तडकलेला व्हॅक्यूम पाइप या क्रमाने बघा. पेट्रोलला हवेचं प्रमाण 14.7 ला 1 लागतं, सीएनजीला 17 ला 1 च्या आसपास. पेट्रोलचा हिशोब गॅसला लावून भागत नाही. चेक लाइट विझवण्यासाठी कोणी एम्युलेटर (गाडीच्या संगणकाला खोटा सिग्नल देणारा जोड) लावून दिला असेल तर तो आधी कुठे आणि का लावला ते विचारा. दिवा विझला म्हणून मिश्रण सुधारत नाही.

हौदा नवा, अर्थ जुनी

हौदा बदलताना, चासी रंगवताना किंवा इंजिन उतरवताना इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थची जाड पट्टी सुटते. परत लावताना ती ताज्या रंगावर कसली जाते, किंवा लावायचीच राहते. मग करंट परतायला वाट शोधतो, कॉइलला पूर्ण जोर मिळत नाही, ठिणगी अशक्त होते आणि प्लग काळे पडू लागतात. मल्टिमीटर दोन व्होल्टच्या रेंजवर ठेवा, एक टोक इंजिनच्या उघड्या धातूला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा, हेडलाइट चालू करून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर पट्टी काढा, खालचा रंग खरवडून धातू उघडा करा, पट्टीचं टोक घासा आणि घट्ट कसा. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि खर्च जवळजवळ शून्य.

मोठे टायर, जादा पाटे आणि घाट

पाटे वाढवल्याने गाडी बसत नाही, पण इंजिन तेवढंच राहतं. वाईहून भरलेली गाडी पसरणी घाटाने पाचगणीला चढते, चिपळूणहून आलेली कुंभार्ली घाट चढून कोयनानगरला येते, पुण्याकडून येणारी खंबाटकी ओलांडते. वरून टायर मोठे असले की तोच गिअर लांब पडतो. ड्रायव्हर तिसऱ्यात कमी आरपीएमवर ॲक्सिलेटर पूर्ण दाबून गाडी ओढत राहतो. प्लगसाठी यापेक्षा वाईट परिस्थिती नाही: दाब जास्त, वेग कमी, उष्णता निघून जायला उसंत नाही. एक गिअर खाली घ्या, इंजिन फिरू द्या. टायर मूळ मापाचे करा. पाटे वाढवून आरसीवरच्या वजनापेक्षा जास्त माल भरायचा परवाना मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

उघडा फिल्टर बसवणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, त्याने नॉकिंगची शक्यता वाढते. आणि माण, खटाव, जतच्या कच्च्या रस्त्यावरची धूळ आत गेली की रिंगा झिजतात, मग ऑइल वर येऊन प्लग ओले होतात. मूळ डबा आणि कागदी फिल्टर परत बसवा.

मोकळ्या सायलेन्सरची मेख वेगळीच. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी जोड गळत असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे (इंधन कमी), आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इंधन वाढवत राहतो. स्कॅनर पातळ म्हणतो आणि प्लग काळे निघतात, असा विरोधाभास दिसला की आधी सायलेन्सरचे जोड तपासा.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ‘उन्हाळ्यात गाडी तापते’ म्हणून तो काढून फेकणं ही आपल्याकडची जुनी खोड. त्याशिवाय इंजिन पुरतं गरमच होत नाही, ईसीयू जास्त पेट्रोल देत राहतो आणि प्लग स्वतःला साफ करण्याच्या तापमानापर्यंत पोचत नाही. ही साफसफाई साधारण 450 ते 500 अंश सेल्सिअसपासून सुरू होते. तापमान 800-850 च्या वर गेलं की टोकं जळू लागतात. या दोन मर्यादांमध्येच प्लग जगतो.

गरम प्लग, थंड प्लग

सतत भरलेली आणि गॅसवरच चालणारी गाडी असेल तर एक पायरी थंड प्लग योग्य ठरू शकतो. पण मिश्रण, टायमिंग आणि अर्थ नीट केल्यावरच, आधी नाही. थंड प्लग इंजिन थंड करत नाही, तो फक्त स्वतःच्या टोकाची उष्णता लवकर सोडतो. यार्डात तासन्‌तास आयडलवर उभी राहणारी गाडी असेल तर तोच प्लग काजळी धरेल.

नंबर वाचताना घात होतो तो इथे: एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. दुकानदाराने ‘6 नाही, 7 घ्या’ म्हटलं तर आधी कंपनी कोणती ते बघा. आट्यांची लांबीही जुन्या प्लगशेजारी धरून ताडून पाहा. 19 मिमीच्या जागी 26.5 मिमीचा गेला तर पिस्टनला भिडू शकतो. नावात ‘आर’ असलेला, म्हणजे आत रेझिस्टर असलेला प्लग कंपनीने दिला असेल तर बिनरेझिस्टरचा स्वस्त प्लग टाकू नका, ईसीयूला त्याचा त्रास होतो. पक्क्या बिलाशिवाय घेतलेला इरिडियम प्लग खरा असेलच असं नाही.

बसवताना

इरिडियम प्लगला तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू नका आणि गॅप करताना मधल्या बारीक टोकावर जोर देऊ नका. ते केसासारखं मोडतं. प्लग आधी हाताने पूर्ण फिरवा, आटे जुळल्याशिवाय पाना लावायचा नाही. 14 मिमीचा वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा फेरा, टॉर्क पाना असेल तर ॲल्युमिनियम हेडला 25 ते 30 न्यूटन-मीटर. ढिला राहिला तर प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि टोक जळतं. जास्त कसला तर आटे जातात. नव्या प्लगच्या आट्यांना ग्रीस लावू नका, त्याने नकळत जास्त कसला जातो.

नवा संच बसवला की किलोमीटर, गॅप आणि प्लगचा पूर्ण नंबर बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा. एक हजार किलोमीटरला एक प्लग काढून बघा, गॅप पुन्हा मोजा. आकडा जागेवर असेल आणि ट्रिमही आटोक्यात असतील तर पुढचं पाच हजारला बघितलं तरी चालेल. एवढ्यातच गॅप वाढलेली दिसली तर गाडी भाड्याला काढू नका. व्हॉल्व्ह क्लिअरन्स आणि कॉम्प्रेशन मोजून घ्या, कारण गॅसवर व्हॉल्व्हच्या सीटही झिजतात आणि तिथलं दुखणं वेळेत सापडलं तर हेड उतरवायची वेळ टळते. किट आरसीवर चढवलेलं आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट कधी संपते, हे त्याच फेरीत बघून टाका.