वयात येणारी मुलं-मुली आणि मैदान : या चुका टाळा

शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. पण जन्मतारीख जवळची म्हणून शरीरही सारखंच वाढलेलं असतं असं नाही. बीड, लातूरकडची कुठलीही तालुका स्पर्धा बघा. १४ च्या आतल्या शंभर मीटरला एकाला मिसरूड फुटलेलं, तर शेजारच्या लेनमधलं पोरगं त्याच्या खांद्याला लागतं. पहिला सहज जिंकतो आणि दुसऱ्याला आपण सांगतो, "तुझ्याच्यानं व्हायचं नाही."

आजच्या वेळेवरून पोरगं निकालात काढणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. मुली साधारण ८ ते १३ आणि मुलं ९ ते १४ या वयात कधीही वयात येऊ लागतात. उंचीची मोठी झेप मुलींची बाराच्या आसपास, मुलांची चौदाच्या. उशिरा वाढणारा पुढं बरोबरीला येतो, तोवर मैदानावर टिकला तर. दर तीन महिन्यांनी शाळेच्या भिंतीवर उंचीची खूण करा, शेजारी तारीख लिहा. कोण झेप घेतंय आणि कुणाची अजून बाकी आहे, ते भिंतच सांगते.

झेपेच्या काळात सराव वाढवणं. हातपाय लांबतात, ताकद मागून येते. कालपर्यंत खांबावर बरोबर सूर मारणारा खो-खोपटू अचानक चुकायला लागतो. त्याला "लक्ष कुठंय?" म्हणून रागावू नका. टाच किंवा गुडघ्याखालचं हाड दुखत असेल तर वाढत्या हाडावर स्नायूंचा ताण येतोय, त्यात कडक मुरमाचं मैदान. उड्या आणि पळणं कमी करा, पोरगं लंगडत असेल किंवा रात्री दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

मुलीची तुलना भावाशी करणं. वयात येण्याआधी दोघांच्या वेळांत फारसा फरक नसतो. नंतर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे मुलांचे स्नायू, हृदय आणि हिमोग्लोबिन वाढतं. मोठेपणी अव्वल धावपटूंत हा फरक १० ते १२ टक्क्यांचा असतो, उड्यांमध्ये त्याहून जास्त. मुलीच्या शरीरात याच काळात चरबी वाढते, कंबर रुंदावते, आणि वर्षभर वेळ जागच्या जागी राहू शकते. तो आळस नव्हे. नेमक्या याच वर्षी घरचे म्हणतात, "आता बास झालं खेळणं", आणि पोरीचं मैदान सुटतं. मला याचंच सगळ्यांत वाईट वाटतं. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. तशी मुलगी घडायची तर हे वर्ष निभावून न्यावं लागतं. जोर-बैठका आणि ताकदीचा सराव मुलींनाही द्या. उडीनंतर गुडघे आत वळू न देता उतरायला शिकवा, कारण गुडघ्याचा लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) तुटण्याचा धोका त्यांना मुलांपेक्षा जास्त.

पाळी थांबली तरी "सरावामुळं होतं असं" म्हणणं. हे चालवून घेऊ नका. नियमित येणारी पाळी तीन महिने चुकली किंवा पंधरा पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे न्या. बहुतेकदा पोटात जेवढं जातं त्याहून मैदानावर जास्त खर्च होत असतं, आणि हाडं कमकुवत होतात. हे बोलायला शिक्षिका किंवा घरातलं बाईमाणूस असावं. सरांना पोरी सांगत नाहीत.

मुलगी लवकर दमते? हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली म्हणजे कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी फेकू देऊ नका, जेवणावर चहा नको, भाजी-डाळीवर लिंबू पिळा.

कुस्तीत वजन उतरवायला पाणी तोडणं. वाढत्या पोराला उपाशी ठेवून खालचा गट पकडू नका. वजन वाढलं असेल तर वरच्या गटात नाव द्या.