मी स्वतःला ‘ज्युदोका’ म्हणायचं का सोडलं

कमरेला ज्युदोचा निळा पट्टा आला तसा तोंडात जपानीही आलं होतं. टोकियोतल्या एका दोजोत, म्हणजे तालमीत, सरावाची परवानगी मागताना मी ऐटीत म्हणालो, “वाताशि वा ज्युदोका देसु,” म्हणजे ‘मी ज्युदोका आहे’. समोरचे पांढऱ्या केसांचे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, गालात हसले. “हं, म्हणजे ज्युदो शिकताय.”

चूक व्याकरणाची नव्हती, शेवटच्या ‘का’ची होती. ‘का’ म्हणजे घर. त्याची कांजी, म्हणजे चित्रलिपीतलं अक्षर, बघा, छपराखाली डुक्कर! पण एखाद्या विद्येला तेच अक्षर जोडलं की त्या विद्येत मुरलेला माणूस असा अर्थ होतो: ‘साक्का’ लेखक, ‘गाका’ चित्रकार. आपल्याकडे ‘घराणं’ म्हटल्यावर जे वजन येतं, तसंच काहीसं. जुन्या रिवाजात चौथ्या दानपासून (दान म्हणजे काळ्या पट्ट्याची पायरी) वरच्यांनाच ज्युदोका म्हणत. बाकीचे ‘केन्क्यूसेई’, म्हणजे अभ्यास करणारे. तालमीत चार जोर काढले म्हणून कुणी पैलवान होतो का?

जपानबाहेर मात्र हा शब्द सैल झालाय. स्पर्धेत उतरणारा कुणीही ज्युदोका, मुलगा असो की मुलगी. बातमीत तसं लिहिलं तर बिघडत नाही. स्वतःबद्दल जपानी माणसाशी बोलताना ‘ज्युदो ओ यात्ते इमासु’, म्हणजे ‘ज्युदो करतो’, एवढंच म्हणा.

उरलेली दोन अक्षरं ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांची आठवण करून देतात. 1882 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी टोकियोच्या एइशोजी मंदिरात बारा तातामींवर, म्हणजे गवती चटयांवर, शिकवायला सुरुवात केली. जुजुत्सू या जुन्या युद्धकलेच्या नावातलं ‘जुत्सू’, म्हणजे कसब, काढून त्यांनी ‘दो’, म्हणजे मार्ग, बसवला. ‘ज्यु’ म्हणजे मऊपणा, आणि मला विचाराल तर नमतं घेणं. कानो हिशेब मांडत: समोरच्याची ताकद दहा, माझी सात. अडून राहिलो तर मी पडणार. तो ढकलत असताना मागे सरलो तर त्याचा तोल जातो, आणि माझे सात शाबूत राहतात.

कागदावर हे सोपं वाटतं. मॅटवर कुणी कॉलर धरून ढकललं की नवशिक्याचे पाय आपोआप रोवले जातात. माझेही गेले. सेन्सेईंनी मला दोनदा पाडलं, मग कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे दहा-बारा वर्षांची मुलं उकेमी करत होती, पडायचं आणि हात सपकन मॅटवर आपटायचा. मी रांगेत शेवटी उभा राहिलो.