वाड्यावर बायकांची बैठक बसवायची तर

मी गोव्यातली, सत्तरीतली निवृत्त अंगणवाडी सेविका. आमच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीत, बायकांनी मनातलं बोलायला एकत्र बसावं म्हणून बैठक बसवते. कशी बसवायची, असं इतर गावांतल्या बाया विचारतात, म्हणून लिहिते.

जागा आधी ठरवा. देवळाचा मंडप नको. पाळीतली किंवा सुतकातली बाई तिथं येत नाही आणि कित्येकदा नेमकं तिलाच बोलायचं असतं. पंचाच्या, म्हणजे पंचायत सदस्याच्या घरी तर मुळीच नको. शाळा सुटल्यावरचा वर्ग बरा. साडेतीनला बसा, दिवेलागणीआधी बाया घरी पोचल्या पाहिजेत. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) तोंडावर आणि काजूच्या दिवसांत कोणी येणार नाही, त्याचा राग धरू नका.

दहाबारा जणी पुरे. सासू-सून किंवा भांडणाऱ्या जावा पहिल्याच दिवशी एकत्र बोलावू नका. चटयांवर फुगडीसारखं गोल बसा. धालो या बायकांच्या नाचातल्यासारख्या समोरासमोर दोन ओळी झाल्या, की वादाच्या दिवशी आपसूक दोन पक्ष पडतात.

एक बोलते तेव्हा बाकीच्यांनी गप्प राहायचं. “सोस गे बाय” आणि “सोड त्याला”, दोन्ही बंद. तिला एवढंच विचारा: “तुला आता काय हवंय?” 2018 च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या. खनिज वाहणारे, कर्ज काढून घेतलेले ट्रक दाराशी उभे, बँकेचे हप्ते मात्र चालू. एक वैनी म्हणाली, “हे दिवसभर घरात, चिडचिड नुसती. मला रडायलासुद्धा कोपरा नाही.” समोरची म्हणाली, “आमच्याकडेही तेच.” आम्ही काही सल्ला दिला नाही. दोघींनी मिळून कुणाचं किती देणं आहे ते वहीत मांडलं आणि नवऱ्यांना घेऊन बँकेत गेल्या. बैठकीनं निवाडा करायला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. निवाडे करणारे गावात पुष्कळ आहेत.

घाईची सही मात्र थांबवाच. वडील वारले, की भाऊ हिस्सा सोडल्याचा कागद आणतो, “ताई, इथं सही कर.” गोव्याच्या कायद्यात वारशात मुलीचा हिस्सा मुलाएवढाच असतो. लग्नाचा वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सहसा दोघांची सामाईक धरतात आणि घर-जमीन विकायला दोघांचीही संमती लागते. सही करायची की नाही ते तिचं ती ठरवील, पण कागद घरी आणून, वकिलाला दाखवून. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

मारहाण होत असेल तर बैठकीत समेट नको, नवऱ्याला बोलावणं तर नकोच. त्याला कळलं की रात्री तिलाच भोगावं लागतं. 181 ही महिलांची हेल्पलाईन, जिवावर बेतलं तर 112. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याप्रमाणे संरक्षण अधिकारी असतो, त्याच्याकडे जाताना तिच्यासोबत एकीनं तरी जा. कुठं जायचं ते तिला विचारूनच.

व्हॉट्सॲप ग्रुप काढू नका. मोबाइल पिशवीत ठेवा. इथं सगळीच एकमेकांची नात्यातली, फोटो तासाभरात सासरी पोचतो.

चहा शेवटी. आधी दिला तर गप्पा रंगतात आणि वेळ जातो. पुढची तारीख उठण्याआधीच ठरवा, ग्रामसभेचा रविवार सोडून.