बॅरन बेटाचा ज्वालामुखी करताय? प्रदर्शनाआधी या चुका टाळा

नागपुरात शाळेचं विज्ञान प्रदर्शन म्हटलं की ज्वालामुखी आलाच. पीओपीचा डोंगर, आत बाटली, वरून लाल फेस. त्यात अंदमानचं बॅरन बेट निवडलंत तर उत्तम, कारण भारतातला सक्रिय ज्वालामुखी तो एकच. पण डोंगर निळ्या कागदावर नुसता ठेवू नका. बॅरन समुद्रावर जेमतेम 354 मीटर दिसतो, बाकी दोन किलोमीटरहून जास्त डोंगर पाण्याखाली आहे. म्हणजे मॉडेलमध्ये वर 5 सेंमी टोक दाखवलं, तर खाली 30 सेंमी हवेत. माशांची जुनी काचेची टाकी मिळाली तर सोन्याहून पिवळं.

‘लाव्हा पृथ्वीच्या गाभ्यातून येतो’ हे तर पोट्ट्यांचं पाठच असतं. साफ चूक. गाभा सुरू होतो 2,900 किलोमीटरवर, तिथून काही येत नाही. बॅरनजवळ भारतीय भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा अवाढव्य तुकडा, पूर्वेच्या भूपट्टाखाली घुसतोय. जाताना खनिजांत अडकलेलं समुद्राचं पाणीही खाली नेतो. खोलवर ते सुटतं, वरच्या तापलेल्या खडकात शिरतं आणि तो खडक एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळू लागतो. कुल्फीवाला बर्फात मीठ टाकतो आणि बर्फ कमी तापमानालाच वितळतो, तसंच.

फेस येत नाही? आधी डबा बघा, खायच्या सोड्याऐवजी बेकिंग पावडर असेल. सोडा आणि भांडी घासायचं लिक्विड बाटलीत आधी, रंग घातलेलं व्हिनेगर शेवटी. बाटली अरुंद तोंडाची घ्या. संत्र्याचा रस नको, आंबटपणा कमी पडतो. निंबूसत पाण्यात विरघळवून चालतं. आणि मुलांना स्पष्ट सांगा, हा फेस थंड आहे. खरा लाव्हा हजार अंशांच्या आसपास असतो. वायू उसळवतो, एवढंच साम्य खरं.

डोंगर नखशिखांत लाल रंगवू नका. जानेवारी 2017 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना दिवसा राखेचे ढगच दिसले. लाल कारंजी दिसली ती सूर्य मावळल्यावर. झोपड्याही नकोत, तिथे माणूस राहत नाही. रानटी शेळ्या मात्र खुशाल काढा. ‘शांत म्हणजे मेलेला’ असंही लिहू नका: दीडशेहून जास्त वर्षं गप्प बसून तो 1991 मध्ये पुन्हा उफाळला.

परीक्षक एक विचारतीलच: मग सीताबर्डीची टेकडी ज्वालामुखी होती का? नाही. तिचा काळा दगड लाव्हाचाच, पण तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांब भेगांतून वाहून थरावर थर साचला.