ब्राउन एल चाखायची कशी? भाजणी ओळखणाऱ्या नाकाने

थालिपिठाची भाजणी ज्या घरात होते, तिथल्या माणसांची निम्मी तयारी झालेलीच असते. बाजरी नीट भाजली गेली की हरभरा डाळ जरा जास्तच लागली, हे आईला बाहेरच्या खोलीतूनही कळतं. ब्राउन एल चाखायला हेच नाक लागतं.

कारण ही बिअर म्हणजे भाजण्याचाच खेळ. जवाला मोड आणायचे, वाळवायचे, की झाला माल्ट. नाचणीचं सत्त्व करणाऱ्यांना यात नवं काही वाटू नये. त्यातला बहुतेक माल्ट फिकाच ठेवतात. थोडा कॅरॅमल माल्ट घातला की गुळाची, टॉफीची चव येते आणि चिमूटभर जास्त भाजलेल्या चॉकलेट माल्टने कॉफीकडे झुकणारा खरपूसपणा. (या माल्टमध्ये चॉकलेट नसतं, नाव रंगावरून पडलंय.) हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या कडवट फुलांचा) कडूपणा बेताचा आणि अल्कोहोल साधारण ४ ते ६ टक्के. प्रकार मूळचा इंग्लंडचा. न्यूकॅसल ब्राउन एल ही त्यातली गाजलेली बिअर १९२७ सालची.

पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून देणारी जागा, सुरू झाली आणि पुढे कोरेगाव पार्क, मुंढवा, बालेवाडी भागात ताजी बिअर मिळू लागली. पण ब्राउन एल कायम टॅपवर असेलच असं नाही, त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून विचारा. नुसतं ‘डार्क बिअर द्या’ म्हणालात तर स्टाउट समोर येण्याची शक्यता जास्त. ती काळीकुट्ट आणि जळक्या कॉफीच्या वळणाची. आपल्याला हवी आहे ती तपकिरी. वय मात्र २१ पूर्ण हवं, आणि गाडी घरी ठेवून रिक्षाने जा.

मोठा मग मागवू नका, लहान ग्लास पुरे. चकणाही लगेच नको. पहिल्या वेळी मी मसाला शेंगदाणे खात खात चाखायला बसलो आणि वहीत ऐटीत लिहिलं, ‘लिंबाचा सूक्ष्म गंध’. लिंबू अर्थातच शेंगदाण्यांवर पिळलेलं होतं. तेव्हापासून आधी साधं पाणी, मग बिअर, आणि खाणं सगळ्यात शेवटी. त्या संध्याकाळी अत्तरही लावू नका.

आता सगळ्यात अवघड काम : थांबायचं. ‘एकदम चिल्ड’ ही आपली सवय लागरला, म्हणजे नेहमीच्या फिक्या बिअरला, ठीक आहे, ब्राउन एलची मात्र त्याने वाट लागते. थंडीने जीभ बधिर होते आणि सुगंध वर येतच नाही. ही बिअर खुलते १० ते १३ अंशांना. टॅपवरून ती बहुधा त्याहून गार येते, म्हणून एक लहान घोट आत्ताच घेऊन ठेवा, पुढे ताडून बघायला. मग ग्लास दोन्ही तळव्यांत धरून गप्पा मारत बसा. मे महिन्यात दहा मिनिटंही पुरतात, डिसेंबरात दुप्पट वेळ द्या.

तोवर रंग बघा. ग्लास दिव्यासमोर धरला की कोऱ्या चहासारखा तपकिरी रंग दिसतो, कडेला तांबूस झाक. थोडा गढूळपणा असला तर तो दोष धरू नका. अशा ठिकाणी बिअर बऱ्याचदा न गाळताच देतात.

मग ग्लास हलकेच फिरवा आणि दोन-तीन छोटे हुंगे घ्या. पहिल्या हुंग्याला जे आठवेल ते लिहा, आणि आपल्याच शब्दांत लिहा. भाजलेले शेंगदाणे, चिक्की, टोस्ट, पुरणपोळीची तव्याला लागलेली कड, काहीही चालेल. ‘हेझलनट’ कधी खाल्लंच नसेल तर ते बिअरमध्ये शोधत बसण्यात काय अर्थ आहे? ओला पुठ्ठा, व्हिनेगर किंवा उकडलेल्या कोबीचा वास आला तर मात्र बिअर बिघडलेली आहे. संकोच न करता बदलून मागा.

घोट जरा मोठा घ्या, तोंडभर फिरवा, गिळा, आणि ओठ मिटून नाकाने श्वास सोडा. ही पायरी गाळू नका. निम्मी चव गिळल्यानंतर अशी नाकातूनच कळते. आधी गोडसर, मग खरपूस आणि शेवटी किंचित कडू, असा क्रम लागतो का बघा. गोडी जिभेवर पाकासारखी चिकटून राहिली तर बनवणाऱ्याचा हात जड झालाय असं समजा. चांगली ब्राउन एल शेवटी कोरडी होते, म्हणूनच दुसरा घोट घ्यावासा वाटतो. मघाचा गार घोट आठवून बघा, तीच बिअर आहे यावर विश्वास बसणार नाही.

आता चकणा येऊ द्या. साधे खारे शेंगदाणे उत्तम, पण खरी जोडी जमते ती सुक्या मटणाशी. भाजलेलं खोबरं, परतलेला कांदा आणि भाजलेला माल्ट एकाच कुळातले. फक्त झणझणीत तांबडा रस्सा टाळा. बिअरच्या फेसाने तिखट विझत नाही, उलट भडकतं.