गाडी गरम होतेय? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

मारुती ८००, झेन, जुनी सँट्रो, इंडिका, पंधरा-वीस वर्षं चाललेली कुठलीही गाडी घ्या. तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकायला लागला की आधी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बदललं जातं, मग थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा वॉल्व), मग गॅरेजवाले जिला 'वॉटर बॉडी' म्हणतात तो वॉटर पंप, शेवटी रेडिएटर. एवढं करून पुढच्या घाटात काटा पुन्हा तिथेच. दोन साधे प्रश्न कुणी विचारलेलेच नसतात: गाडी नेमकी कधी गरम होते, आणि पाणी कमी होत असेल तर जातं कुठे?

पहिला प्रश्न घ्या. सिग्नलला काटा चढतो आणि हायवेला लागल्यावर उतरतो, तर संशय पंख्यावर. चालत्या गाडीत समोरचा वारा रेडिएटर थंड करतो, उभ्या गाडीत ते काम एकट्या पंख्याचं. फ्यूज, रिले, मोटर, थर्मोस्विच (ठरावीक तापमानाला पंखा चालू करणारा स्विच) असं एकेक तपासा. याउलट गावात गाडी ठीक, पण खंबाटकी घाट चढताना गरम, तर पंख्यात वेळ घालवू नका. रेडिएटर आतून चोंदलेला असेल, थर्मोस्टॅट पुरता उघडत नसेल, पंपाची पाती गंजून झिजली असतील, नाहीतर रेडिएटरचा खालचा होज पाइप मऊ पडून पंपाच्या ओढीने आत चिकटत असेल. हा पाइप मोठा फसवा. इंजिन बंद केलं की पुन्हा गोल होतो, म्हणून मेकॅनिकला काही सापडत नाही. गरम इंजिन सुरू ठेवून कुणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगा आणि पाइपाकडे बघा. सकाळी गाडी काढल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर गेला, तर बहुधा पाणी कमी आहे, एअर लॉक (पाइपांत अडकलेली हवा) आहे किंवा थर्मोस्टॅट बंद स्थितीतच अडकलाय.

आता आपल्याकडची सर्वांत लाडकी चूक. 'आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागतच नाही, काढून टाका.' हा सल्ला इतक्या ठामपणे दिला जातो की ऐकणाऱ्याला खरा वाटतो. साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडणारा हा वॉल्व इंजिन थंड ठेवण्यासाठी नसतोच. ते लवकर ठरलेल्या तापमानाला यावं आणि तिथेच राहावं, यासाठी असतो. तो काढला की इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये ओलावा साठून गाळ होतो. एमपीएफआय गाडीत, म्हणजे जिथे पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो तिथे, त्याला वाटतं इंजिन अजून तापलेलं नाही, आणि तो जादा पेट्रोल देत राहतो. त्याहून वाईट म्हणजे चोंदलेला रेडिएटर काही महिने झाकला जातो आणि ऐन मे महिन्यात घाटात उघडा पडतो. थर्मोस्टॅटवर शंका असेल तर काढून पातेल्यात पाणी तापवून बघा. पाण्याला उकळी येईपर्यंत तो पूर्ण उघडला नाही, तर नवा बसवा.

'फॅन डायरेक्ट करून देतो', म्हणजे स्विच वगळून पंखा सतत चालू ठेवायचा, हा त्याच पठडीतला इलाज. रस्त्यात अडकलात तर तात्पुरता चालेल, पण कायमचा केला तर मोटर लवकर जाते आणि मूळ बिघाड तसाच राहतो. जुन्या कार्बोरेटर गाड्यांत तपासणी सोपी आहे: थर्मोस्विचचं कनेक्टर काढून त्याची टोकं तारेने जोडा. पंखा फिरला तर मोटर ठीक, स्विच गेलाय. हात मात्र पात्यांपासून लांब. मोटर दुरुस्त करून आणलेली असेल तर तारा उलट जोडल्या नाहीत ना, तेही बघा. उलटा फिरणारा पंखा डोळ्यांना अगदी सुलटा दिसतो. ज्या गाडीत पंखा रेडिएटरच्या मागे आहे तिथे जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा. तो आत ओढला गेला पाहिजे.

पाण्याबद्दल. बोअरचं किंवा नळाचं पाणी ओतत राहिलं की क्षार आणि गंज रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. गळती थांबवायला हळद टाकणारे अजूनही भेटतात. गळतं भोक बुजतं, सोबत चांगल्या नळ्याही. बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं मिसळा, किंवा तयार मिश्रण घ्या. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालू नका. आधीचं कूलंट कुठलं होतं ते ठाऊक नसेल, तर वरून भर न घालता पूर्ण काढून, धुऊन नवं भरा.

रेडिएटरचं झाकण सहसा कुणी तपासत नाही, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी, कारण सगळ्यांत स्वस्त पार्ट तोच. त्याचं काम कुकरच्या शिट्टीसारखं: दाब धरला की पाणी उशिरा उकळतं. जुन्या जपानी घडणीच्या गाड्यांत झाकणावर बहुधा ०.९ लिहिलेलं असतं, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जवळपास ०.९ पट जादा दाब, आणि एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर गेलं की हा फायदा संपला. महाबळेश्वरच्या उंचीवर तर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. झाकणात दुसरा छोटा वॉल्व असतो, जो इंजिन थंड झाल्यावर शेजारच्या प्लास्टिकच्या बाटलीत गेलेलं कूलंट परत ओढू देतो. तो बिघडला की बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. म्हणून फक्त बाटली बघून समाधान मानू नका. जास्त आकड्याचं झाकणही लावू नका. जुन्या पाइपांना तो दाब सोसत नाही.

पाणी रोज कमी होतंय, पण खाली थेंब नाही? पायाजवळचं कार्पेट चाचपून बघा. ओलं आणि गोडसर वासाचं असेल तर हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय. पंपाच्या बारीक छिद्राखालचे पांढरे-हिरवे डाग आणि इंजिन ब्लॉकच्या गंजलेल्या डमी (भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या टोप्या) तपासा. तिथेही काही नसेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांमधलं सील. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, ही लक्षणं. फक्त झाकणाखालची साय पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांनीही येते, तेवढ्यावरून हेड उघडू देऊ नका. गॅरेजमध्ये निळ्या रसायनाची चाचणी होते. रेडिएटरमधल्या हवेने ते पिवळं झालं तर शंका मिटली. हेड उघडलंच तर सपाटी मोजायला लावा. अनेक गाड्यांत ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाक चालत नाही. न मोजता नवं गॅस्केट बसवलं तर तेही जाईल.

रस्त्यात काटा चढला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल, बाजूला थांबा. 'पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ' या नादातच ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. वाफ दिसली तर इंजिन लगेच बंद करा. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात नको, तापलेल्या इंजिनावर गार पाणी नको. आणि काटा अचानक खाली पडला तर हायसं वाटून घेऊ नका: पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की काही गाड्यांत काटा खोटं सांगतो.

दुरुस्तीनंतर कूलंट भरताना एअर लॉक काढणं राहून जातं. थंड इंजिनावर झाकण काढून, हीटर चालू ठेवून गाडी सुरू करा, बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं कूलंट घाला, मग झाकण लावून पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, रेडिएटरमधली पातळी पुन्हा बघा. बहुतेक वेळा आणखी थोडं कूलंट मावतं.