जुनी गाडी चालू होईना? नवी बॅटरी घ्यायच्या आधी एवढं बघा

सकाळी जुनी गाडी चालू झाली नाही की शेजारचे चार जण जमतात आन सगळे एकच सांगतात, बॅटरी गेली, नवी टाका. कधी कधी खरंच गेलेली असते, पण मारुती ८००, इंडिका, जुनी ऑल्टो असल्या गाड्यांत लई वेळा दोष नुसत्या ढिल्या नाहीतर खारलेल्या जोडात असतो, मग नवी बॅटरी टाकूनबी महिनाभरात परत धक्का मारायची पाळी येते. म्हणून आधी तपासायचं, मग खिशात हात घालायचा.

सुरुवात कानानं करा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हेडलाईट लावून समोर भिंतीवर उजेड पडू द्या आन सेल (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारा. उजेड एकदम गुल झाला किंवा नुसतं टिकटिकटिक वाजलं, तर बॅटरी उतरलीय नाहीतर टर्मिनल, म्हणजे बॅटरीच्या पोलवर बसणारा वायरीचा जोड, धरत नाही. उजेड तसाच राहिला आन गाडी गप्प, तर बॅटरीला दोष देऊ नका, करंट सेलपर्यंत पोचतच नाही, म्हणजे दोष चावीचा स्विच, रिले (करंट चालू-बंद करणारी डबी) किंवा सोलेनॉइडच्या (सेलवरच्या मोठ्या स्विचच्या) बारक्या वायरीत. आन सेल जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर मामला पेट्रोलचा नाहीतर स्पार्कचा. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद गूंऽऽ आवाज यायला पाहिजे, नाही आला तर पंपाचा फ्यूज आन रिले आधी बघा.

आता टर्मिनल. हे काम सगळ्यात स्वस्त आन सगळ्यात जास्त गाड्या ह्याच्यानंच चालू होतात. टर्मिनल हातानं पिळून बघा, जरा जरी हललं तरी ढिलं आहे. काही ठिकाणी मेकॅनिक फटीत खिळा ठोकून देतात, ते वाटेत अडकल्यावर ठीक, कायमचं नाही, क्लॅम्पच बदला, तो काही महाग नसतो. पांढरं-हिरवं खार साचलं असेल तर चावी बंद करून आधी मायनस काढा, मग प्लस. बॅटरीची झाकणं घट्ट लावून गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या ब्रशनं घासा, फेस थांबेपर्यंत, पण सोडा बॅटरीच्या आत जाता कामा नये. वाळल्यावर पॉलिश पेपर मारून पोल आन क्लॅम्प आतून चकचकीत करा, बसवताना आधी प्लस, शेवटी मायनस, वरून व्हॅसलीन. हे चाललेलं असताना कुणी बिडी पेटवत जवळ आला तर हाकला, बॅटरीतून निघणारा गॅस पेट घेतो.

आपल्याकडं मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ च्या वर जातो, त्यात बॅटरीचं पाणी लई लवकर आटतं. पाणी भरायचं तर डिस्टिल्डच. बोअरचं अजिबात नाही, कूलरच्या जाळीवर जे पांढरं थर धरतं तेच आत प्लेटांवर बसणार.

स्वस्तातला मल्टिमीटर घेऊन ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलीच समजा. आधी चार्ज करा, मग सेल मारताना बघा, भरलेली बॅटरी ९.६ च्या खाली पडायली तर तिचे दिवस भरलेत. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ यायला पाहिजे, १३ च्या खाली असेल तर पट्टा आन डायनामो (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बघा, १५ च्या वर गेलं तर डायनामोचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर, तोच पाणी उकळवून टाकतो. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून डायनामो तपासायची जुनी पद्धत काही लोक अजून करतात, त्याच्यात डायोड आन कंप्युटर दोन्ही जळू शकतात.

बॅटरी ठणठणीत, तरी सेल रडतखडत फिरतोय? अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून इंजिनला जाणारी जोडणी, बघा. मीटर डीसीवर, एक टोक बॅटरीच्या मायनस पोलवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आन कुणाला तरी सेल मारायला लावा. ०.२ व्होल्टपर्यंत चालतं, अर्ध्याच्या वर गेलं तर अर्थची पट्टी गंजलीय. मीटर नसला तर जंपर केबल मायनसपासून इंजिनला लावा, सेल सुसाट फिरला की समजलंच. एकच खट्ट वाजून थांबत असेल तर सेलच्या मोटरला हातोडीच्या दांड्यानं हळू टकटक करून बघा, चालू झाली तर कार्बन ब्रश संपत आलेत, तशीच थेट दुकानात न्या.

दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, असं असेल तर करंट गळतोय. मायनस काढून मध्ये मीटर १० अँपियरवर जोडा, दारं बंद, चावी बंद, थोडा वेळ थांबा. ०.०५ पर्यंत ठीक, जास्त असेल तर एकेक फ्यूज उपसा, ज्यानं आकडा पडला तिथं चोर. मीटर मध्ये असताना सेल मारू नका, मीटर जाईल. फ्यूजनं काही कळलं नाही तर नंतर बसवलेला टेप आन हॉर्न बघा, कारण त्या वायरी डायरेक्ट बॅटरीवर टाकलेल्या असतात. शेडमध्ये सोयाबीनची पोती असतील तर बॉनेटखाली उंदरानं कुरतडलेली वायरबी शोधा.